महालातलं शिसवी कपाट आणि बेस्यातला नवा फ्लॅट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या घराच्या जागी इमारत होते आहे आणि तुम्ही बेसा या नव्या वस्तीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आला आहात. हॉल 11 बाय 17 फुटांचा. सोबत आलेलं सामान: सासऱ्यांचं काचेच्या दारांचं शिसवी कपाट, बंगई म्हणजे झोपाळा, पितळेचे गुंड (पाण्याची भांडी) आणि घंगाळ, पेंचच्या सहलीत घेतलेलं गोंड चित्र, मॉलमधून आणलेला करडा एल-आकाराचा सोफा, काचेचं डायनिंग टेबल, 55 इंची टीव्ही, आणि यादीत अगदी शेवटी, जणू चुकून लिहिलेला, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. डिझायनरने पांढऱ्या-करड्या लॅमिनेटचं, प्रोफाइल लाइट (एलईडीच्या लांब पट्ट्या) लावलेलं चित्र पाठवलं आहे आणि त्यात यातलं काहीच नाही. नवरा म्हणतो, जुनं काढून टाकू. तुम्हाला इक्लेक्टिक, म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या आणि शैलींतल्या वस्तू एकत्र नांदतील असं घर हवंय, पण धाकधूक एकच: आलेला पाहुणा म्हणायचा, "सामान लावायचं राहिलंय वाटतं अजून."

ती धाकधूक बरोबर आहे. बावीस वर्षं घरांची आतली मांडणी करून द्यायचंच काम करते आहे. इक्लेक्टिक म्हणून सुरू झालेली बरीच घरं मी शेवटी गोदामासारखी झालेली पाहिली आहेत. त्यातलं एक माझं स्वतःचं होतं.

आधी ‘इक्लेक्टिक’ या शब्दाबद्दल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ, निवडून घेणारा. एकाच पंथाला बांधून न घेता जिथे पटेल तिथून विचार उचलणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञांसाठी तो वापरला जाई, आणि एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या काळातल्या शैली एकाच इमारतीत आणणाऱ्या युरोपातल्या वास्तुकलेलाही तो लागू झाला. आपल्याकडे त्याला ‘संमिश्र शैली’ म्हणतात. मला ते पटत नाही. मिश्रणात काहीही घालता येतं, निवडण्यात तसं चालत नाही. आपली आई तांदूळ निवडायला बसायची तेव्हा ताटातून तांदूळ थोडेच उचलायची? उचलायची ते खडे. तुमच्या हॉलचंही काम तसंच करायचं आहे. काय ठेवू, हा प्रश्न सोडा. काय उचलू, तेवढं ठरवा.

नुसतं ठिकठिकाणचं सामान गोळा केल्यानेही हे साधत नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनात आपल्या नागपूरचं सागवान आहे, मिर्झापूरचे गालिचे आहेत, त्रिपुराचा बांबू आहे. अशी यादी सांगायला छान वाटते. पण तुम्ही बसणार त्या खोलीत, यादीत नाही. खोलीत शिरल्यावर नजर एका वस्तूवर टेकली पाहिजे आणि तिथून दुसरीकडे जायला तिला वाट मिळाली पाहिजे. बाकी सगळं त्यासाठीच.

तर तुमच्या ताटातले खडे.

काचेचं डायनिंग टेबल काढा. वाईट वाटेल, नवीन आहे, पण काढा. शिसवी कपाटाला काचेची दारं आहेत, टीव्ही म्हणजे काळी काचच, आणि बिल्डरने दिलेल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. चौथी चकाकी नको. बेस्याकडे समोर अजून मोकळे प्लॉट असतील, म्हणजे दुपारचं ऊन थेट आत. एप्रिलमध्ये त्या टेबलावर जेवताना डोळे मिचकवाल. त्याजागी साधं सागवानी टेबल, 30 इंच उंचीचं, चार माणसांचं. नवीन करायची गरज नाही. जुनी घरं पाडताना निघालेल्या सागाच्या चौकटी आणि फळ्या आपल्याकडे जुन्या लाकडाच्या अड्ड्यांवर मिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा सुकलेला जुना साग नव्या कच्च्या लाकडापेक्षा कधीही बरा, कारण त्याला जेवढं वाकायचं होतं तेवढं तो वाकून झाला आहे. खिळे मात्र एकूणएक काढून घ्या, नाहीतर मिस्त्रीच्या रंध्याचं पातं गेलं म्हणून समजा.

करडा सोफा ठेवा. तुम्हाला वाटलं असेल, मी तोच आधी काढायला सांगीन. पण तुमच्या सामानात गप्प बसणारी तेवढी एकच वस्तू आहे. कपाट बोलतं, बैल बोलतो, चित्र तर ओरडतंच. सगळेच बोलायला लागले तर ऐकायचं कोणी? फक्त सोफ्यासोबत आलेल्या करड्या उशा पाहुण्यांच्या खोलीत टाका.

पितळेचा एकच गुंड हॉलमध्ये. बाकीचे स्वयंपाकघरात वापरा, नाहीतर माळ्यावर. पितळी भांडी ओळीने मांडली की घर दिसत नाही, भांड्यांचं दुकान दिसतं. आणि कृपा करून त्यावर लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप, मारून घेऊ नका. मारलेलं लॅकर कालांतराने जागोजागी सुटतं, तिथे काळे डाग पडतात आणि मग ते चिंचेनेही निघत नाहीत. महिन्यातून एकदा चिंच-मीठ पुरे.

बंगईचं दुखणं वेगळं आहे. 11 फूट रुंदीच्या हॉलमध्ये ती झुलणार नाही. पुढे-मागे अडीच-तीन फूट मोकळे लागतात, आणि सोफा टाकल्यावर तेवढी जागा उरतच नाही. शिवाय नव्या फ्लॅटच्या स्लॅबला भोक पाडून कड्या अडकवणं मी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय करत नाही. जुन्या घरातल्या सागाच्या तुळया वेगळ्या आणि इथला पाच-सहा इंचाचा स्लॅब वेगळा. बाल्कनी सहा फुटांची असेल तर लोखंडी स्टँडवर तिथे लावा. नसेल, तर मी काय केलं असतं ते सांगते. बंगईची फळी उतरवून तिला 15-16 इंचाचे साधे लोखंडी पाय लावायचे आणि सोफ्यापुढे सेंटर टेबल म्हणून ठेवायची. सोफ्याची बैठक साधारण 17 इंचाची असते, टेबल तिच्या बरोबरीचं किंवा इंच-दोन इंच खाली असलं की हात सहज पोचतो. मध्ये 15-16 इंच जागा सोडा. पाय फळीच्या जुन्याच भोकांतून बोल्टने बसवा, नवीन भोक एकही नको, म्हणजे उद्या कधी मोठं घर झालं तर बंगई परत बंगई होईल. सासूबाईंना हे आधी सांगा. एका घरी मी असंच करायला घेतलं, तर आजींनी फळीवर बसकण मारली आणि म्हणाल्या, "माह्या बंगईले पाय लावून रायली का?" परत लावता येईल हे दाखवल्यावर उठल्या.

आता कपाट. ते हॉलच्या लांब भिंतीला, एकटं. शेजारी टीव्ही युनिट नको, समोरच्या भिंतीला टीव्ही. दोन्ही एका भिंतीवर घेतलं की दोघं भांडतात आणि रिमोट हातात असल्यामुळे टीव्ही जिंकतो. आत सगळं भरू नका. मधला एक कप्पा अर्धा रिकामा ठेवा. जुन्या कपाटाची आतली फळी दिसू द्या, तीही बघण्यासारखी असते. शिसव गडद, किंचित जांभळट तपकिरी, सागाचा रंग सोनेरी. हे दोन चालतात. तिसरा लाकडी रंग लॅमिनेटमधून आणू नका. डिझायनरच्या चित्रातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पॅनेलचा रंग ‘अक्रोड’ असं लिहिलं असेल, पण तो अक्रोड नसतो, कागद असतो, आणि खऱ्या लाकडाशेजारी उभा केला की त्याचा कागदपणा लगेच दिसतो. टीव्हीमागे पॅनेल हवंच असेल तर भिंतीच्याच रंगात रंगवून घ्या.

पॉलिशबद्दल मिस्त्री म्हणेल, "पीयू मारून देतो मॅडम, एकदम नव्यासारखं." पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा चकचकीत लेप. नव्यासारखं तर नकोच आहे. जुन्या कपाटावर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं. ते तसंच परत चढवता येतं, खरडावं लागत नाही. कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासून बघा. रंग कापसाला लागला आणि जागा चिकट झाली तर लाख. गरम भांडं आणि पाणी यांचे पांढरे वळे तिच्यावर उमटतात, एवढी एक खोड सांभाळावी लागते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला घेतलं ती. तुमच्या यादीत कूलर नाही.

परदेशी मासिकातल्या किंवा मोबाइलवरच्या कुठल्याच इक्लेक्टिक खोलीत खिडकीत कूलर नसतो. नागपुरात मार्च संपता संपता तो येतो आणि पाऊस नीट लागेपर्यंत हलत नाही. वर्षातले तीन-चार महिने खोलीतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त आवाज करणारी वस्तू तीच. एसी असला तरी हॉलला कूलरच, हे मी घरोघरी बघते. मग तो शेवटी कुठेतरी बसवायचा म्हटलं की सगळी मांडणी बिघडते. म्हणून मी नेहमी कूलरपासून सुरुवात करते. कुठल्या खिडकीत येणार? त्याची हवा कुठल्या दाराने बाहेर जाणार? समोर हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर गारवा राहतो बाजूला आणि चिकचिक होते. त्या दोन जागांमधला जो पट्टा, त्यात कपाट नाही, चित्र नाही, पुस्तकं नाहीत.

हे मी माझ्या घरी शिकले. राजस्थानी कारागिरीचं, निळ्या रंगाचं, आंब्याच्या लाकडाचं कपाट एका प्रदर्शनातून हौसेने आणलं होतं आणि कूलरच्या बरोब्बर समोर ठेवलं. दिवसा कूलरची ओली हवा, तो बंद केला की 45 अंशांची कोरडी ठक्क हवा, पुढे जुलैची सर्द हवा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या रेषेत ओल पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. त्या कपाटाची वरची फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडलेली होती. तिला हलायला जागाच नव्हती, म्हणून ती फाटली. दुसऱ्या पावसाळ्यात खाली बारीक पिवळट पीठ पडायला लागलं: कीड. आंब्याला ती लागतेच, प्रक्रिया नीट केलेली नसेल तर. तुमचं शिसवी कपाट इतकी वर्षं का टिकलं ते त्याच्या दाराजवळ जाऊन बघा. दाराची खालची लाकडी फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असेल, डिंक नाही, खिळा नाही. ती फुगते, आकसते, कुणाला कळतही नाही. मिस्त्रीने ‘हलते आहे’ म्हणून तिथे फेविकॉल भरायला घेतलं तर हात धरा त्याचा.

कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर मागे दोन-तीन इंच जागा सोडा, म्हणजे पावसाळ्यात हवा फिरते. पायांखाली सागाचे छोटे ठोकळे द्या, फरशी पुसताना पाणी लागणार नाही. आणि कूलरचे तुषार पॉलिशवर उडू देऊ नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे ठिपके उमटवतं.

ज्या खिडकीत कूलर तिथे पडदा लावूच नका. भिजतो, वास मारतो. बुरुडकाम करणाऱ्यांकडून मापाची बांबूची चिक, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, करून घ्या, कूलर काढला की सोडायची. बाकीच्या खिडक्यांसाठी नवं कापड घ्यायच्या आधी सासूबाईंच्या पेट्या उघडा. नागपुरी सुती नऊवारी असेलच एखादी. हिशोब असा: नऊ वार म्हणजे 27 फूट. साडेआठ फुटांचे तीन तुकडे केले की साडेपंचवीस फूट गेले, दीड फूट उरला. पन्हा साधारण 45 इंच, तिन्ही मिळून अकरा फुटांच्या वर. पडद्याला खिडकीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे एका नऊवारीत पाच-साडेपाच फुटांची खिडकी झाली. काठ उभे येतात आणि छत उंच वाटतं. मागून पांढरं अस्तर लावा. रेशमी किंवा कोशाचं (टसर रेशमाचं) लुगडं मात्र पश्चिमेच्या खिडकीला कधीच नको, उन्हाने रेशीम जळतं; दोन-तीन उन्हाळ्यांत हाताने फाटेल. करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी निघाली तर पडदा-बिडदा करू नका. ती नेसा, किंवा फारच जीर्ण झाली असेल तर तिचा काठ उशांना लावा.

करवतकाठीवरून रंगाकडे येते. रंगाचा तक्ता घेऊन बसू नका. तुमच्या घरात रंग आधीच आहेत. मला तो लाकडी बैल प्रत्यक्ष दिसलेला नाही, पण जुने बैल मी बरेच बघितले आहेत: लाल झूल, पिवळी शिंगं, कुठेतरी हिरवा ठिपका, आणि तीस वर्षं पोरांनी दोरीने ओढून झिजलेलं लाकूड. तान्हा पोळा आपल्या नागपूरचा, भोसल्यांच्या काळापासूनचा. बाहेरच्या कुठल्या डिझायनरला असा बैल सुचायचा नाही. तुमच्या हॉलची टेकायची जागा म्हणजे हा बैल. कपाटावर चढवू नका. त्याची जागा जमिनीलगतच, फार तर फूटभर उंच चौथऱ्यावर. दारातून आत शिरलं की समोर.

त्याच्या अंगावरचे दोन रंग उचला. समजा झुलीचा विटका लाल आणि शिंगांचा हळदी. भिंती कोशाच्या रंगाच्या, म्हणजे पांढऱ्यात किंचित मध. शुभ्र पांढरा नको, आपल्या उन्हात तो डोळ्यांत खुपतो. आता तो लाल रंग खोलीत आणखी दोन ठिकाणी दिसला पाहिजे, पण सारख्या वस्तूंत नाही: एकदा सतरंजीच्या पट्ट्यात, एकदा एखाद्या उशीत. हळदी पडद्याच्या काठात, आणि पितळेचा गुंड तेच काम करतो. एकच लाल वस्तू असली की ती उपरी वाटते, तीन असल्या की त्या घरच्या होतात. रंग लावायच्या आधी भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा आणि सकाळी, चार वाजता आणि दिवे लागल्यावर असा तीनदा बघा. दुकानातल्या कार्डावर विश्वास ठेवून मी एकदा एक बेडरूम पीच म्हणून रंगवली. संध्याकाळी ती सरळ भोपळा दिसायला लागली.

सतरंजी मोठी घ्या. पाच बाय आठची, सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर आले पाहिजेत. मधोमध टाकलेली तीन बाय पाचची सतरंजी पायपुसण्यासारखी दिसते. सुतीच घ्या. लोकरीच्या गालिच्याचं नागपूरच्या मे महिन्यात काय करायचं?

गोंड चित्र. ते मूळ चित्र आहे की छापील, हे काचेतून तिरकं बघून कळतं; हाताने काढलेल्या ठिपक्यांना आणि रेषांना किंचित उठाव असतो. ही कला आपल्या शेजारचीच. दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. कागदावर असेल तर काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर असावा असा नियम आहे. पण तो उभ्याने बघायच्या दालनांचा. आपण हॉलमध्ये बसतो, म्हणून मी तीन-चार इंच खालीच लावते. एकटं लावा. आजूबाजूला वारली, मधुबनी, लग्नाचा फोटो असं कडबोळं नको. लग्नाचा फोटो बेडरूममध्ये.

दिव्यांवर डिझायनरशी थोडं भांडा. प्रोफाइल लाइटच्या पट्ट्यांनी शोरूम उजळते. घरात 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे, तेही तीन-चार वेगवेगळ्या जागी, कमी उंचीवर: एक कपाटाच्या आत, एक सोफ्याच्या कोपऱ्यात, एक बैलावर. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पितळ हिरवट आणि शिसव राखेसारखं दिसतं. अभ्यासाला, निवडण-टिपणाला लागणारी एक ट्यूब वेगळ्या बटणावर असू द्या. फॉल्स सीलिंग नकोच. साडेनऊ फुटांचं छत नऊवर आणून काय मिळवायचं? पंख्याचीच हवा कमी लागते.

स्वयंपाकघराला हा खटाटोप लावू नका. ती कामाची जागा आहे, एका रंगाचं साधं ठेवा. बेडरूममध्ये एक जुनी वस्तू पुरे.

नवऱ्याचं म्हणता, तर वाद घालू नका. टीव्ही आणि सोफा त्याच्या मनासारखे राहणारच आहेत, आणि काचेचं टेबल विकून आलेले पैसे सागवानी टेबलाला लावा. जुनं काढायचं म्हणत होता ना, इथे नवं निघतंय. हसेल तरी.

कामाचा क्रम: येत्या रविवारी हॉल पूर्ण रिकामा करा. फक्त सोफा, कपाट आणि बैल आत घ्या. बाकी सगळं आतल्या खोलीत कोंबा आणि पंधरा दिवस तसेच राहा. ज्या वस्तूची आठवण आली ती बाहेर आणा, एका वेळी एक. टीव्हीमागचं पॅनेल, वायरिंग, कायमचं सुतारकाम, यातलं काहीही कूलर खिडकीत बसवून एक आठवडा चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. मिस्त्री घाई करेल. "एप्रिलमध्ये ये" म्हणून सांगा.